दहापैकी किती?

एक कबुली देऊन टाकते, म्हणजे मन हलकं होईल. गेल्या वर्षी फेब्रुवारीत मी माझ्या बारा वर्षांच्या मुलावर हात उचलला. कारण ऐकाल तर हसाल. एका व्हिडिओ गेमला किती मार्क द्यायचे, यावरून!

झालं असं, की माझा धाकटा भाऊ पुण्याला नोकरीला असतो. त्याआधीच्या भाऊबीजेला तो आला, तेव्हा ओवाळणीत मला साडी आणि भाच्याला आपलं जुनं गेमचं यंत्र देऊन गेला. निन्टेन्डो स्विच त्याचं नाव. कंपासपेटीहून जरा मोठं. हातात धरून खेळता येतं, आणि त्याच्या खोबणीत बसवलं की टीव्हीलाही जोडता येतं. भाचा मामाच्या गळ्यातच पडला. मी मात्र मनात म्हटलं, आली ब्याद घरात!

आमचं राजूर तुमच्यापैकी काहीजणींना ठाऊक असेल. यवतमाळ जिल्ह्यात, वणीजवळ. कोळशाच्या खाणी आणि चुन्याच्या भट्ट्यांचं गाव. दोरीवर कपडे वाळत घातले की कोळशाची काळी धूळ जास्त बसली की चुन्याची पांढरी, एवढंच बघायचं! उन्हाळ्यात सकाळी अकरापासून संध्याकाळी पाचपर्यंत पोरांना बाहेर सोडायची सोय नसते. त्यात हे खाणीत पाळीवर जातात. रात्रपाळी करून आले की दिवसा झोपतात, तेव्हा घरात भांडं वाजलेलंही चालत नाही. अशा घरात कानाला बोंडं लावून गुपचूप खेळणारा मुलगा खरं तर सोयीचाच. पण चाचणीत गणिताचे मार्क घसरले आणि माझं पित्त खवळलं.

मी यंत्र हिसकावलं आणि कपाटात टाकून किल्ली कमरेला खोचली. वर म्हटलं, "फालतू खेळ! शून्य मार्क!"

चिरंजीव शांतपणे म्हणाले, "आई, तू खेळलीस का हा?"

"मला खेळायची गरज नाही. दिसतंय ना!"

"मग आमचे निबंधपण तू न वाचताच तपासतेस का?"

मैत्रिणींनो, मी एका शाळेत तासिकेवर मराठी शिकवते आणि चिरंजीव माझ्याच वर्गात बसतात. घाव वर्मी बसला. पुढचं मला आठवतं ते इतकंच, की माझा हात झणझणत होता आणि तो भिंतीकडे तोंड करून उभा होता. रडला नाही. त्यानंतर किती तरी दिवस माझ्याशी लागेल तेवढंच बोलला. "हो", "नाही" आणि "जेवलो".

एप्रिलमध्ये गाद्या उन्हात टाकायला काढल्या, तेव्हा त्याच्या गादीखाली एक दोनशेपानी वही सापडली. आता ही वही कसली, म्हणून मी धास्तावूनच उघडली. पानोपान खेळांची नावं, समोर दहापैकी मार्क, आणि खाली कारणं! यंत्राबरोबर मामानं दिलेले सगळे खेळ त्यानं तपासले होते, अगदी लाल शाईनं. एका पानावर 'राजी' नावाचा खेळ होता. त्यावर त्यानं लिहिलं होतं, ते जवळपास त्याच्याच शब्दांत सांगते:

"चित्रे ९. गोष्ट ८. मारामारी ५, कारण राक्षस सारखे तसेच येतात. एकदा मारायची रीत कळली की नुसता अंगठा दुखतो. पण राजी खांबाला धरून गिरकी घेते तेव्हा मला पण हलके वाटते. त्या दिवशी मी जेवायला उठलो नाही म्हणून आई रागावली. मला सांगायचे होते की गोलू हरवला आहे आणि राजी त्याला शोधते आहे. पण ती ऐकणार नाही."

त्याखाली दोन ओळी सोडून: "आईचे मार्क ०. कारण:" आणि पुढे कोरी जागा.

मी गादीवरच बसले, उन्हात! कारण मला दुसरंच एक पान आठवलं होतं. सहामाहीला 'माझा आवडता खेळ' हा निबंध मी वर्गाला दिला होता. चिरंजीवांनी क्रिकेटवर लिहिला होता, मार्गदर्शकातला, स्वल्पविरामासकट. मी त्याला दहापैकी आठ दिले होते. वर्षभरात त्यानं बॅट हातात धरलेली नव्हती, हे आई म्हणून मला ठाऊक होतं. बाई म्हणून मी ते विसरले. जे खोटं होतं त्याला आठ, आणि जे खरं होतं त्याला शून्य नि वर एक चपराक!

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी सासूबाई पातेल्यात नुसत्या डोकावून "मीठ कमी दिसते बाप्पा" म्हणायच्या, तेव्हा मी माहेरी जाऊन आईजवळ रडले होते. चाखायच्या आधी नाव ठेवलं, हे माझं दुःख. आणि आता मी काय वेगळं केलं होतं?

त्या रात्री मी भावाला फोन लावला. म्हटलं, या खेळांना मार्क कोण देतं, कसे देतं, मला नीट समजावून सांग. तो आधी हसला, मग तासभर बोलला. नंतर मीही वाचत गेले. त्यातलं आपल्या उपयोगाचं तेवढं सांगते.

आपल्या वयाच्या बायकांना व्हिडिओ गेम म्हणजे नव्वदीतला तो टीव्हीला जोडायचा डबा आठवेल. कुणाच्या तरी घरी भाड्यानं आणलेला, दर खेळाला पिवळी नाही तर काळी कॅसेट, आणि चालली नाही की तिच्यात फुंकर मारायची! जपानमध्ये १९८३ साली निघालेल्या निन्टेन्डोच्या फॅमिकॉम यंत्राच्या त्या नकला होत्या. कॅसेटवर '९९९९ खेळ' असं छापलेलं असायचं. आम्ही भावंडांनी एकदा सुट्टीत ते मोजायला घेतले. पाच-सहा खेळ झाले की पुन्हा तेच, नुसतं नाव बदलून! वेष्टणावरच्या आकड्याला भुलू नये, हा धडा मला तिथंच मिळाला होता. मोठेपणी विसरले, एवढंच.

आकड्यांनी फसवू नये म्हणूनच तर परीक्षक आले. जपानमध्ये १९८६ पासून फामित्सू नावाचं नियतकालिक निघतं. त्यांची रीत मला फार आवडली. एकाच खेळाला चार परीक्षक स्वतंत्रपणे दहापैकी मार्क देतात आणि प्रत्येकजण खाली चार ओळींत आपलं कारण लिहितो. बेरीज चाळीसपैकी. चाळीसपैकी चाळीस मिळवणारा पहिला खेळ यायला १९९८ साल उजाडलं. 'झेल्डा' मालिकेतला 'ओकारिना ऑफ टाइम'. म्हणजे बारा वर्षं कुणी पैकीच्या पैकी पटकावले नव्हते! पण मला महत्त्वाचं वाटलं ते चौघांचं वेगवेगळं असणं. एकाला मारामारी आवडते, दुसऱ्याला कोडी. एकाच भाजीला घरातली चार माणसं चार चवी सांगतात, तसंच हे.

पुढं २००१ मध्ये मेटाक्रिटिक निघालं. जगभरच्या परीक्षणांचे मार्क गोळा करून ते शंभरपैकी एक आकडा काढून देतं. सोयीचं आहे, पण त्यात कारणं गळून जातात आणि उरतो तो आकडा. दुकानाच्या पाटीवर 'उत्तम तांदूळ' लिहिलेलं असावं, पण तो जुना की नवा, पुलावाचा की खिचडीचा, हे मात्र सांगू नये, तसं!

कारण का महत्त्वाचं, याचं एक उदाहरण देते. हातात धरून खेळायचं गेमबॉय हे यंत्र १९८९ साली आलं, तेव्हा त्याचा पडदा मळकट हिरवा होता, रंग नाहीत. त्याच सुमारास लिंक्स आणि मग १९९० साली गेम गिअर ही रंगीत यंत्रं आली. 'दिसणं' या सदरात मार्क दिले असते, तर गेमबॉय सपशेल नापास. पण गेम गिअर सहा सेल घालून तीन ते पाच तासांत मान टाकायचं, आणि गेमबॉय चार सेलवर दहा तासांहून जास्त चालायचं. वर ते स्वस्त आणि दणकट. शेवटी घराघरांत गेमबॉयच गेलं. सेल कुणाच्या पैशानं येतात हे आयांना पक्कं ठाऊक असतं! परीक्षकाचा तक्ता आणि घराचा तक्ता एकच असेल असं नाही.

आता आमच्या भांडणाचं मूळ, 'राजी' हा खेळ. भावानं सांगितलं तेव्हा मी चाटच पडले. हा खेळ पुण्यात तयार झाला आहे! नॉडिंग हेड्स गेम्स ही छोटीशी संस्था. श्रुती घोष, अविचल सिंग आणि इयान मॉड यांनी ती सुरू केली. २०१७ मध्ये इंटरनेटवरून लोकांची वर्गणी जमवून खेळ पुरा करायचा त्यांचा प्रयत्न फसला. तरी नेटानं काम चालू ठेवून २०२० च्या ऑगस्टमध्ये त्यांनी तो आधी स्विचवर आणला आणि ऑक्टोबरमध्ये इतर यंत्रांवर. राजी ही सर्कशीत कसरती करणारी पोरकी मुलगी. राक्षस तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, पळवून नेतात आणि ती दुर्गेनं दिलेला त्रिशूळ घेऊन त्याच्या शोधात निघते. हवेल्या, महाल, भिंतींवरची चित्रं सगळं आपल्याकडचं. मधली मधली गोष्ट सावल्यांच्या बाहुल्यांतून सांगितली आहे. आपल्या कोकणात पिंगुळीचे ठाकर कलावंत चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करतात, त्याची मला आठवण झाली.

जगानं याला किती मार्क दिले? शंभरपैकी सत्तरच्या आसपास. चित्रांचं आणि वातावरणाचं भरभरून कौतुक, पण मारामारी ओबडधोबड, खेळ आखूड आणि शेवट अर्धवट सुटल्यासारखा, असं बऱ्याच जणांनी लिहिलं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या गेम अवॉर्ड्समध्ये पहिल्या पदार्पणाच्या उत्कृष्ट खेळांच्या नामांकनात मात्र तो होता. बक्षीस दुसऱ्याला गेलं.

हे वाचताना मी वही उघडून पाहिली. राजूरच्या एका बारा वर्षांच्या पोरानं, कुणाचंही परीक्षण न वाचता, मारामारीत तेच वैगुण्य पकडलं होतं आणि चित्रांना तीच शाबासकी दिली होती! शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, ती त्यानं शीत तोंडात घालून केली होती. मी झाकणावरून.

दुसऱ्या दिवशी मी कपाट उघडलं. यंत्र त्याच्यासमोर ठेवून म्हटलं, "मला शिकव." त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की काय सांगू! "आणि त्या दिवशी मारलं ते चुकलं माझं," हेही म्हटलं. ते शब्द घशात अडकत होते, पण म्हटले. तो काही बोलला नाही. फक्त यंत्र टीव्हीला जोडलं आणि एक सुटं बटणफळं माझ्या हातात दिलं.

पहिल्या तासात राजी माझ्या हातून इतक्या वेळा दरीत कोसळली, की चिरंजीव पोट धरून हसले. घरात दोन महिन्यांनी ते हसू ऐकलं. पोळ्या लाटणारे हात, पण दोन अंगठे वेगवेगळ्या दिशांना फिरवायचे म्हणजे केवढी कसरत! हिंदी आवाजांची सोय त्यात पुढं २०२२ मध्ये झालेली, म्हणून सासूबाईही माळ हातात घेऊन येऊन बसल्या. दुर्गा बोलायला लागली तेव्हा त्यांनी टीव्हीला हात जोडले, आणि राक्षस आले तेव्हा "अवो, मांगून येते पाह्य तो!" म्हणून मलाच ओरडल्या. शेवटी त्यांना मार्क विचारले. म्हणाल्या, "पोरीले दहा. पण इचे मायबाप कुठी हायेत? लेकरं एकटी काहून सोडली? त्याचे दोन कमी."

बघा, आला की नाही परीक्षकांचा चौथा माणूस!

त्या उन्हाळ्यात आम्ही मायलेकांनी मिळून घराचा एक तक्ता बनवला. परीक्षकांची सदरं असतात चित्र, आवाज, खेळण्याची गंमत. ती चिरंजीवांकडे. माझी सदरं वेगळी. तुम्हालाही उपयोगी पडतील म्हणून देते.

१. थांबता येतं का? जेवायला हाक मारली तर खेळ आहे तिथं ठेवून उठता येतं, की 'हा टप्पा संपू दे' म्हणत तासभर जातो? ज्यात कुठंही थांबून पुन्हा तिथूनच सुरू करता येतं, त्याला पूर्ण मार्क.

२. संपतो का? परीक्षक 'आखूड' म्हणून राजीचे मार्क कापतात. मी त्याच गोष्टीचे वाढवले! चार-सहा तासांत गोष्ट संपते आणि मूल उठतं. जो खेळ कधीच संपत नाही, त्याच्यापासून जपून.

३. पुन्हा पैसे मागतो का? 'फुकट' खेळ असतात ते बहुधा आत गेल्यावर पोशाख, हत्यारं, रंगीत पेट्या विकत घ्यायला लावतात. एकदाच पैसे देऊन मिळणारा खेळ शेवटी स्वस्त पडतो. पैसे लावून जिंकण्या-हरण्याचे ऑनलाइन खेळ हा तर वेगळाच प्रकार. त्यांच्यावर बंदी घालणारा कायदा संसदेनं २०२५ मध्ये केला आहे. त्यांना तक्त्यात जागाच नाही.

४. वयाची खूण बघितली का? अमेरिकेत १९९४ पासून आणि युरोपात २००३ पासून खेळांवर वयाची खूण छापतात. युरोपातली खूण म्हणजे सरळ आकडाच असतो, ३, ७, १२, १६ किंवा १८. अमेरिकेत इंग्रजी अक्षर असतं. ई म्हणजे सर्वांसाठी, टी म्हणजे तेरा वर्षांपुढं, एम म्हणजे सतरा वर्षांपुढं. डब्यावर नाही तर विकत घ्यायच्या पानावर ही खूण सापडते. औषधाच्या बाटलीवरची तारीख बघतो तशी ही बघायची.

५. अनोळखी माणसं भेटतात का? एकट्यानं किंवा घरच्यांबरोबर खेळायचा खेळ वेगळा, आणि परक्यांशी बोलत खेळायचा वेगळा. दुसऱ्या प्रकारात कोण काय बोलतं, ते शेजारी बसून ऐकल्याशिवाय मार्क द्यायचे नाहीत.

६. आणि शेवटचं. खेळून उठल्यावर मूल कसं असतं? चिडलेलं, तुसडं, की काहीतरी सांगायला आलेलं? हे सदर कुठल्याही परीक्षकाला भरता येत नाही. ते आपणच भरायचं.

या तक्त्यात चिरंजीवांचा एक लाडका खेळ सपशेल आपटला. तिसऱ्या आणि सहाव्या सदरात शून्य. त्यानं थोडी कुरकुर केली, पण कारणं समोर लिहिलेली होती, त्यावर वाद घालता येत होता. दोन दिवस घातलाही. शेवटी त्यानंच तो काढून टाकला. नुसतं "फालतू" म्हटलं असतं, तर गादीखाली लपवून खेळला असता.

खेळानं मूल हुशार होतं असं मी म्हणत नाही. गणिताचे मार्क अजून जेमतेमच आहेत आणि त्यासाठी रोजचा एक तास ठरला आहे. सुट्टी नसेल तेव्हा खेळ अर्धा तास, तोही गणित झाल्यावर. हे अजूनही म्हणतात, "मायलेकांनी चांगला धंदा काढलाय!" म्हणोत बापडे. परवा रात्रपाळीहून आल्यावर चहा पिता पिता स्वतःच दहा मिनिटं खेळताना मी त्यांना पाहिलं आहे.

या वर्षी वर्गात मी 'माझा आवडता खेळ' दिला नाही. त्याऐवजी म्हटलं, तुम्ही स्वतः पाहिलेल्या, खाल्लेल्या नाही तर खेळलेल्या कुठल्याही एका गोष्टीला दहापैकी मार्क द्या आणि कारणं लिहा. कुणी जत्रेतल्या पाळण्याला दिले, कुणी आजीच्या झुणक्याला, कुणी शाळेच्या नळाच्या पाण्याला. शुद्धलेखनाच्या चुका ढीगभर, पण मार्गदर्शकातलं एक वाक्य सापडलं नाही. वह्या तपासताना मीही प्रत्येकाच्या आकड्याखाली एक ओळ कारण लिहिलं. पन्नास वह्यांना वेळ फार लागतो हो! रात्रीचे अकरा वाजले. पण आकडा लिहून वही मिटायची सवय आता हाताला नको वाटते.

तेव्हा मैत्रिणींनो, तुमच्या घरातल्या त्या छोट्या पडद्याला नाव ठेवायचं तर जरूर ठेवा. पण आधी एक तास मुलाशेजारी बसा, बटणफळं हातात घ्या, चार वेळा दरीत पडा आणि मगच मार्क द्या. कारणासकट.

आमच्या वहीतली ती कोरी जागा मी भरली आहे. शून्य खोडून सात केलं आणि पुढं लिहिलं: "गोलू हरवला होता, हे मला माहीत नव्हतं."